स्टेपर मोटारीचा ड्रायव्हर आणि वैशाखांतील दुपार

रोपवाटिकांतून, हरितगृहांतून व ठिबकाच्या खोल्यांतून गेल्या कांहीं वर्षांत जीं लहान लहान स्वयंचलित यंत्रें दिसूं लागलीं आहेत, त्यांपैकीं पुष्कळांच्या पोटांत स्टेपर मोटार असते. ट्रे एकेक ओळ पुढें सरकवून बीं पेरणारें यंत्र, पाण्यांत ठराविक मात्रेनें द्रवखत किंवा आम्ल सोडणारा पंप, हरितगृहाची झडप उघडणारा स्क्रू, हीं सर्व कामें ही मोटार करूं शकते. असें यंत्र विकत घेणारे काय किंवा सुटे भाग आणून घरीं जोडणारे काय, सर्वजण मोटारीची काळजी घेतात. परंतु मोटारीस वीज मोजून देणारी जी बोटाएवढी पट्टी, ज्यास कारागीर 'ड्रायव्हर' म्हणतात, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. हा ड्रायव्हर तापला म्हणजे शेतकऱ्याचें काय नुकसान होतें, आणि तो तापूं नये म्हणून काय करावें, एवढेंच आम्ही येथें सांगणार आहों.

हा दोष लपून कां राहतो

विहिरीवरील मोटार जळते तेव्हां वास येतो, धूर निघतो, निदान फ्यूज तरी उडतो. स्टेपर मोटारीचा ड्रायव्हर उष्णतेनें सहसा तसा जळत नाहीं, कारण त्यांत स्वसंरक्षणाची योजना केलेली असते. ए ४९८८ या फार प्रचारांत असलेल्या ड्रायव्हरांतील सिलिकॉनचा तुकडा सुमारें १६५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापला कीं मोटारीचा प्रवाह आपोआप तुटतो, आणि तो सुमारें १५ अंशांनीं निवला कीं पुन्हां जोडला जातो. तुकडा अगदीं लहान असल्यामुळें हें निवणें व पुन्हां तापणें वारंवार चालतें. मोटार क्षणभर ढिली पडते आणि पुन्हां चालूं लागते. पाहणारास वाटतें, यंत्र जरासें अडखळलें इतकेंच.

खरी हानि येथूनच सुरू होते. साध्या स्टेपर मोटारीस आपण कोठें आहों हें सांगणारें कोणतेंहि साधन जोडलेलें नसतें. नियंत्रक जितके विजेचे ठोके पाठवितो तितकीं पावलें मोटार चालली असें तो गृहीत धरतो. ड्रायव्हर बंद असतांना पाठविलेले ठोके वायां जातात, परंतु नियंत्रकाच्या वहींत ते जमेस धरले जातात.

एक उदाहरण घेऊं. ९८ खणांचा ट्रे असतो त्यांत ७ खणांच्या १४ ओळी असतात. ट्रेची लांबी ५४० मिलिमीटर धरल्यास एका ओळीपासून दुसरी ओळ सुमारें ३८ मिलिमीटरांवर येते. मोटारीच्या एका फेऱ्यास २०० पावलें आणि त्या फेऱ्यांत पट्टा ४० मिलिमीटर सरकतो असें समजा. म्हणजे एका पावलास ०.२ मिलिमीटर व एका ओळीस १९० पावलें झालीं. नियंत्रक सेकंदास ४०० ठोके पाठवीत असतांना ड्रायव्हर अर्धा सेकंद जरी बंद पडला, तरी २०० पावलें हुकलीं, म्हणजे एक सबंध ओळ गेली. एकाच ओळींत दोनदां बीं पडलें व शेवटची ओळ कोरी राहिली. पाव सेकंद बंद पडला तर बीं दोन खणांमधील कडेवर पडतें, आणि तेथून पुढच्या सर्व ओळींत तसेंच पडत जातें. वरून कोकोपीट पसरलें कीं कांहीं दिसत नाहीं. एक आठवड्यानें उगवण पाहूं लागावें तेव्हां ट्रे विरळ दिसतो आणि दोष बियाण्यास दिला जातो. संकरित बियाण्याची किंमत गेली ती गेलीच. शिवाय लागवडीचा आठवडा हातचा गेला, तो कोणत्याहि दुकानांत परत मिळत नाहीं.

खतमात्रेच्या पंपाची गोष्ट याहून कठीण. तेथें पाहण्यास ट्रेहि नसतो. नियंत्रक म्हणतो, मात्रा पूर्ण दिली. पिकास मिळालेली असते त्याहून कमी. पानांवर तें उमटेपर्यंत कित्येक दिवस जातात.

उष्णता कोठून येते

तारेंतून प्रवाह गेला कीं उष्णता उत्पन्न होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम जेम्स जूल यानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. आमचा सगळा विषय या एका नियमांत आहे. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. प्रवाह निम्मा केला तर उष्णता चतुर्थांशावर येते.

ड्रायव्हरांत मोटारीच्या प्रत्येक वेटोळ्याचा प्रवाह एका वेळीं दोन इलेक्ट्रॉनिक खटक्यांतून जातो. ए ४९८८ मध्यें असा एक खटका थंड असतांना सुमारें ०.३२ ओहम रोध करतो. दोहोंचा मिळून ०.६४ ओहम. मोटारीचीं दोन वेटोळीं आळीपाळीनें प्रवाह वाटून घेतात, त्यांच्या वर्गांची बेरीज एकच राहते. म्हणून १ अँपियरवर लावलेल्या ड्रायव्हरांत सुमारें ०.६४ वॅट, १.४ अँपियरवर १.२५ वॅट व २ अँपियरवर २.५६ वॅट उष्णता निर्माण होते. आंकडे लहान वाटतात, पण ही उष्णता ज्या तुकड्यांत साठते तो हरभऱ्याच्या दाण्याहूनहि लहान आहे, हें विसरूं नये.

उन्हाळ्याचा हिशेब

लहान पट्टीवरील ड्रायव्हरास वारा नसतां दर वॅटास ६० अंश चढतात असें धरूं. खटक्यांचा रोधहि उष्णतेबरोबर वाढतो. तो दर अंशास शेंकडा ०.४ धरूं. हें अनुमान आहे. पट्टी लहानमोठी असेल तसे आंकडे बदलतील. तथापि यावरून निघणारा बोध बदलत नाहीं.

ड्रायव्हर १.४ अँपियरवर लावला आहे. मार्गशीर्षांत २५ अंशांच्या खोलींत यंत्राची परीक्षा केली तर आंतील तुकडा सुमारें १३२ अंशांवर स्थिर होतो. यंत्र दिवसभर उत्तम चालतें. आतां तेंच यंत्र वैशाखांत विदर्भांतील शेडनेटखालीं ठेवा. नागपूर-चंद्रपुराकडे त्या दिवसांत बाहेरचें तापमान ४५ अंशांवर जातें. बंद डब्यांत वीजपुरवठ्याच्या यंत्राची उष्णता मिळून तें ६० अंश झालें असें समजा. हिशेब केला असतां आंतील तुकडा १८२ अंशांपर्यंत चढावा असें निघतें, म्हणजे १६५ अंशांवर प्रवाह तुटणारच. बाहेर ३५ अंश वाढले, परंतु आंत ५० वाढले. कारण उष्णतेनें रोध वाढतो व वाढलेला रोध आणखी उष्णता करतो.

त्याच डब्यांत प्रवाह १ अँपियरवर आणला तर तुकडा सुमारें ११२ अंशांवर थांबतो. मोटारीची ओढ यांत फार तर तीन दशांश कमी होते, परंतु मूळची उष्णता निम्म्यावर येते. हा सौदा बहुतेक लहान यंत्रांत फायद्याचा आहे.

म्हणूनच हिवाळ्यांत नीट चाललेलें यंत्र ऐन मे महिन्यांत, खरिपाच्या मिरची-टोमॅटोचीं रोपें टाकण्याच्या दिवसांत, दगा देतें. यंत्र बिघडलेलें नसतें. त्याचा हिशेबच हिवाळ्याचा केलेला असतो.

प्रवाह नेमका लावणें

पट्टीवर एक लहानसा फिरता स्क्रू असतो. त्याच्यापाशीं जमिनीच्या तारेच्या तुलनेनें जो दाब मल्टिमीटरनें मोजतां येतो त्यास 'व्हीरेफ' म्हणतात. ए ४९८८ मध्यें प्रवाह काढण्याची रीत अशी: व्हीरेफास ८ नें व पट्टीवरील मापक रोधाच्या आंकड्यानें भागावें. डीआरव्ही ८८२५ मध्यें ८ ऐवजीं ५ नें भागावें.

येथेंच पुष्कळ जण फसतात. दिसावयास सारख्या असणाऱ्या पट्ट्यांवर मापक रोध निरनिराळे असतात. पट्टीवरील त्या काळ्या चौकोनी तुकड्यावर आर १००, आर ०६८ किंवा आर ०५० असे छापलेलें असतें. म्हणजे अनुक्रमें ०.१, ०.०६८ व ०.०५ ओहम. ए ४९८८ च्या पट्टीवर १ अँपियर हवा असेल तर व्हीरेफ अनुक्रमें ०.८, ०.५४ व ०.४ व्होल्ट ठेवावा लागतो. कोणी सांगितलें म्हणून आर ०५० च्या पट्टीवर ०.८ व्होल्ट ठेवले, तर मोटारीस २ अँपियर जाऊं लागतात आणि ड्रायव्हरांत उष्णता चौपट होते. तसेंच ए ४९८८ काढून त्याच जागीं डीआरव्ही ८८२५ बसविला व व्हीरेफ तोच ठेवला, तरीहि प्रवाह बदलतो. सबब पट्टी बदलली कीं भिंगानें आंकडा वाचावा आणि हिशेब नव्यानें करावा.

विक्रेता सांगतो तो २ अँपियरचा आंकडा चांगल्या थंडाव्याच्या भरवशावरचा असतो. हीटसिंक व वारा यांवांचून ए ४९८८ च्या लहान पट्टीकडून सुमारें १ अँपियरहून अधिकाची अपेक्षा करूं नये. डीआरव्ही ८८२५ मधील खटक्यांचा रोध कमी, म्हणून तो त्याच प्रवाहांत कमी तापतो. टीएमसी २२०९ मध्यें तो त्याहूनहि कमी आहे. मोटारीस खरोखरच २ अँपियरहून अधिक लागत असतील तर लहान पट्टीवर जुलूम न करितां डीएम ५४२ सारखा धातूच्या डब्यांतील ड्रायव्हर घ्यावा.

मोटारीवर छापलेला प्रवाह हा तिची मर्यादा होय. तेवढा दिलाच पाहिजे असें नाहीं. यंत्र पूर्ण भारानें चालवून प्रवाह हळूहळू कमी करीत जावें; पावलें हुकूं लागतील त्या ठिकाणाहून तो सुमारें एक तृतीयांश वाढवून ठेवावा. यासाठीं प्लॅस्टिकच्या दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, आणि त्याचें टोंक घसरून दोन पिनांस एकदम लागणार नाहीं अशी खबरदारी घ्यावी. वीज चालू असतांना मोटारीची तार कधींहि काढूं किंवा जोडूं नये. त्या झटक्यानें ड्रायव्हर जागच्या जागीं मरतो, आणि मग त्या मरणाचा दोष उष्णतेवर येतो.

उभ्या मोटारीचा खर्च

मोटेचे बैल धावेवरून परत येतांना त्यांच्या मानेवरचा ताण उतरलेला असतो. उभ्या बैलांस कोणी ओढावयास लावीत नाहीं. स्टेपर मोटारीचें तसें नाहीं. ती जागच्या जागीं उभी असतांनाहि, सांगितलें नाहीं तोंपर्यंत, पूर्ण प्रवाह घेतच राहते. दर तासास पांच मिनिटें चालणारा खतमात्रेचा पंप उरलेलीं पंचावन्न मिनिटें ड्रायव्हर फुकट तापवीत असतो. दिवसाच्या उष्णतेचा मोठा वांटा असा न केलेल्या कामाचा असतो.

यास उपाय बिनखर्ची आहे. ए ४९८८ व डीआरव्ही ८८२५ यांवर 'एनेबल' नांवाची पिन असते; काम संपतांच नियंत्रकानें तिला उच्च दाब दिला कीं मोटारीचा प्रवाह बंद होतो. डीएम ५४२ जातीच्या ड्रायव्हरावर बारीक खटक्यांची एक रांग असते, त्यांतील चौथा खटका मोटार उभी असतांना प्रवाह निम्मा करावयाचा कीं पूर्ण ठेवावयाचा हें ठरवितो. तो निम्म्यावर ठेवावा. उभ्या स्थितींतील उष्णता चतुर्थांशावर येईल. टीएमसी २२०९ मध्यें उभ्या मोटारीचा प्रवाह आपोआप उतरविण्याची सोय आहे.

मात्र विचार करून हें करावें. मोटार एखादें वजन उचलून धरीत असेल, किंवा हरितगृहाची झडप वाऱ्यानें उलटी ढकलली जात असेल, तर प्रवाह बंद करूं नये. झडपेस बारीक आट्यांचा स्क्रू असेल तर तो स्वतःच ताण धरतो. तेथें हरकत नाहीं. प्रवाह बंद केल्यावर मोटार थोडी इकडे तिकडे सरकूं शकते, म्हणून पुन्हां काम सुरू करतांना आरंभ-खूण पाहण्याची योजना असावी.

वारा, डबा व जागा

या ड्रायव्हरांतील उष्णता मुख्यत्वें तळाच्या धातूच्या चकतींतून पट्टीच्या तांब्यांत उतरते. वरच्या प्लॅस्टिकमधून थोडीच बाहेर पडते. यास्तव वर चिकटविलेला हीटसिंक उपयोगी असला तरी तेवढ्यावर विसंबूं नये. पट्टीच्या दोन्ही अंगांस हवा लागली पाहिजे. हीटसिंक उष्णता वाहणाऱ्या गोंदानेंच चिकटवावा, आणि तो शेजारच्या पिनांस शिवत नाहीं हें नीट पाहावें. लहानसा पंखा पट्टीवर तिरपा वारा सोडील असा बसविला तर हीटसिंकपेक्षां अधिक काम करतो.

पण शेतावरील वारा म्हणजे कारखान्यांतील वारा नव्हे. त्यांत कोकोपीटची धूळ, खतांची ओल, आम्लाची वाफ व मुंग्या हीं सर्व येतात. बी-पेरणीच्या खोलींत डब्यास खालीं व वर भोकें पाडून त्यांवर बारीक जाळी लावावी व ती दर आठवड्यास झाडावी. धुळीनें भरलेली जाळी ही बंद डब्यासारखीच. खताच्या खोलींत मात्र भोकें पाडूंच नयेत. तेथें बंद डबा, आणि त्याच्या एका भिंतीस ॲल्युमिनियमचा जाड पत्रा बसवून धातूच्या अंगाचा ड्रायव्हर त्याच पत्र्यास आंतून घट्ट जोडावा. उष्णता पत्र्यांतून बाहेर जाईल, वाफ आंत येणार नाहीं.

डब्यांत वीजपुरवठ्याचें यंत्र वर व ड्रायव्हर खालीं असावा, कारण तापलेली हवा वर चढते. शक्य तर वीजपुरवठ्यास निराळाच डबा द्यावा. डबा पांढऱ्या रंगाचा असावा. उत्तरेच्या भिंतीवर सावलींत असावा. हरितगृहाच्या कागदाखालीं उंच टांगूं नये, कारण तेथेंच सर्वांत गरम हवा साठते. जागा बदलणें हा सर्वांत स्वस्त पंखा होय.

दोन गैरसमज

पहिला गैरसमज असा कीं २४ व्होल्ट दिले तर १२ व्होल्टांपेक्षां ड्रायव्हर दुप्पट तापतो. हे ड्रायव्हर प्रवाह तोडतोडून ठरल्या मापानें देतात, त्यामुळें दाब वाढला तरी वेटोळ्यांतील प्रवाह तितकाच राहतो. ड्रायव्हराच्या मर्यादेंत दाब वाढविल्यास उष्णता थोडीच वाढते, आणि वेगांत मोटारीची ओढ मात्र सुधारते. ओढ हवी म्हणून प्रवाह वाढविण्याआधीं हा मार्ग पाहावा.

दुसरा गैरसमज, मोटार हातास चटका देते म्हणजे सर्व बिघडलें, आणि मोटार कोमट आहे म्हणजे सर्व ठीक. मोटारीचें अंग ६०-७० अंश झालें तर हात ठरत नाहीं, तरी बहुतेक स्टेपर मोटारी तें सहन करतात. उलट मोटार कोमट असतांहि ड्रायव्हर प्रवाह तोडण्याच्या बेतांत असूं शकतो. दोहोंची परीक्षा निराळी करावी, आणि ड्रायव्हराची हातानें करूं नये. त्याच डब्यांत २३० व्होल्टांच्या ताराहि असतात. तापमापकाचा बारीक काटा हीटसिंकला लावून आंकडा वाचावा.

यंत्रास बोलतें करावें

एवढें करूनहि एखादे दिवशीं पंखा बंद पडेल, जाळी तुंबेल. तेव्हां ड्रायव्हर गप्प बसूं नये अशी तजवीज हवी. डीआरव्ही ८८२५ वर 'फॉल्ट' नांवाची पिन आहे; ड्रायव्हर तापून बंद पडला कीं तिचा दाब खालीं येतो. ती तार नियंत्रकास जोडून घंटा वाजवावी व पेरणी तेथेंच थांबवावी. टीएमसी २२०९ तर बंद पडण्याआधींच तापल्याची सूचना देऊं शकतो. ए ४९८८ मध्यें अशी पिन नाहीं. तेथें प्रत्येक ट्रेच्या शेवटीं पट्ट्यावरील खूण एका खटक्यानें तपासावी. खूण आपल्या जागीं आली नाहीं तर तेवढाच एक ट्रे बाजूस काढावा लागेल, सगळा दिवस नव्हे. खताच्या पंपास मात्रा मोजणारें भांडें किंवा निदान टाकीवरील खुणेची पट्टी असावी, आणि संध्याकाळीं टाकींतून किती गेलें तें नियंत्रकाच्या आंकड्याशीं ताडून पाहावें.

शेवटीं एकच आग्रहाची सूचना. खरिपाचीं रोपें टाकण्यापूर्वीं, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, एका दुपारीं दोन वाजतां यंत्र आपल्या नेहमींच्या जागीं, डबा बंद करून, रिकाम्या ट्रेवर सलग एक तास चालवावें. डब्यांतील व हीटसिंकवरील तापमान दर दहा मिनिटांनीं लिहून ठेवावें. आंकडा वाढावयाचा थांबला पाहिजे, आणि तासाच्या अखेरीस ट्रेची खूण बरोबर जागेवर आली पाहिजे. यासाठीं एक तास, एक तापमापक व थोडी वीज एवढाच खर्च आहे. जो शेतकरी बियाणें आणतांना उगवण-परीक्षा करतो, त्यानें पेरणाऱ्या यंत्राचीहि ही परीक्षा घेतल्यावांचून त्यांत बियाण्याचा एक दाणाहि ओतूं नये, असें आमचें सांगणें आहे.